मेडिकलला नाही, बायोमेडिकलला

नीटचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस ओळखीच्यांकडे फोन करायचा म्हणजे संकट वाटतं. घरात बारावी झालेलं मूल असेल तर विचारावं की न विचारावं? विचारलं तर त्यांच्या जखमेवर मीठ, न विचारलं तर 'साधी चौकशीही केली नाही'. २०२४ साली या परीक्षेला २३ लाखांहून जास्त मुलं बसली होती आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून एक लाखाच्या थोड्या वर. साधा भागाकार केला तरी कळतं की वीस-एकवीस मुलांमागे एक जागा. म्हणजे उरलेल्या एकोणीस-वीस मुलांनी काय करायचं हा खरा प्रश्न आहे, आणि तो निकालाच्या दिवशी नव्हे, अकरावीला प्रवेश घेतानाच विचारायला हवा. पण आपल्याकडे तो अपशकुन समजला जातो.

मग जून-जुलैत धावाधाव सुरू होते. आयुर्वेद, होमिओपॅथी, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी... आणि गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एक नाव ऐकू येतं, बायोमेडिकल सायन्स. नावात 'मेडिकल' आहे, त्यामुळे आईवडिलांना जरा बरं वाटतं. आमच्या परिचयातल्या एका मुलीनं ही पदवी घेतली. मनापासून घेतली, नाइलाजानं नाही. तिचे वडील मात्र लग्नकार्यात कुणी विचारलं की सांगायचे, "मेडिकललाच आहे ती." ती शेजारी उभी असायची आणि खाली बघायची. एकदा मला म्हणाली, "मावशी, बाबा खोटं बोलतात याचं काही नाही. पण मी जे शिकतेय त्याचं नाव घ्यायची त्यांना लाज वाटते, याचं वाईट वाटतं."

तिचं हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. तीन वर्षं एक मूल रोज सकाळी उठून ज्या गोष्टीसाठी जातं, तिचं नावसुद्धा घरातल्यांना घेववत नसेल तर त्या मुलानं अभ्यास कुठल्या बळावर करायचा? म्हणून हा विषय आहे तरी काय, ते समजून घ्यायचं मी ठरवलं. मी मराठी माध्यमातून बीए झालेली, विज्ञानाशी संबंध जुन्या अकरावीपर्यंतचा. पण तिची पुस्तकं चाळली, तिला प्रश्न विचारले, इतर वाचन केलं. तेवढ्यावरून माझं जे मत झालं ते इथे मांडते आहे.

आधी नावांचा घोळ निस्तरू या. बायोमेडिकल इंजिनिअरिंग म्हणजे यंत्रं. एमआरआय, डायलिसिस, व्हेंटिलेटर अशी यंत्रं तयार करणारी आणि सांभाळणारी ती शाखा. बीएस्सी एमएलटी किंवा डीएमएलटी म्हणजे लॅबमध्ये रक्त-लघवी वगैरे तपासण्या प्रत्यक्ष करायचं शिक्षण. आणि बायोमेडिकल सायन्स म्हणजे निरोगी शरीर कसं चालतं, रोगात काय बिघडतं आणि ते बिघडलेलं ओळखायचं कसं, याचं शास्त्र. दिल्ली विद्यापीठात आचार्य नरेंद्र देव, भास्कराचार्य, शहीद राजगुरू अशा काही मोजक्या महाविद्यालयांत हा बीएस्सी ऑनर्सचा विषय आहे. २०२२ पासून तिथले प्रवेश सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होतात. त्याच विद्यापीठात १९९१ साली डॉ. बी. आर. आंबेडकर यांच्या नावानं बायोमेडिकल संशोधनाचं केंद्रही सुरू झालं. अभ्यासक्रम साधारण असा असतो : पेशी, जैवरसायन, शरीरक्रिया, आनुवंशिकता, सूक्ष्मजीव, रोगप्रतिकारशक्ती, रक्तशास्त्र, औषधशास्त्र आणि या सगळ्याच्या जोडीला संख्याशास्त्र.

यादी वाचून काहीच कळत नाही, म्हणून एक उदाहरण देते. आपण सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जातो. लॅबवाला थोडं रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेतो, थोडं करड्या बुचाच्या. मला वर्षानुवर्षं वाटायचं, रंग आपले ओळखीसाठी असतील. पण गंमत अशी की रक्त शरीराबाहेर काढलं तरी त्यातल्या तांबड्या पेशी जिवंतच असतात आणि रक्तातली साखर खातच राहतात. नुसत्या नळीत ठेवलं तर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होत जाते. म्हणजे गावाकडून गोळा केलेलं रक्त तीन-चार तासांनी शहरातल्या लॅबला पोचलं, तर मधुमेही माणसाची साखर कागदावर चांगली दिसेल! करड्या बुचाच्या नळीत फ्लोराइड असतं, ते पेशींचं हे साखर खाणं रोखतं. तसंच पोटॅशियमचं. पोटॅशियम मुख्यत्वे पेशींच्या आत असतं. सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलवली आणि पेशी फुटल्या, की आतलं पोटॅशियम बाहेर येतं. पेशंट ठणठणीत, पण रिपोर्टमध्ये आकडा असा की डॉक्टरांनी घाबरून जावं.

आपण रिपोर्ट हातात आला की ठळक अक्षरात छापलेला आकडा बघतो आणि थेट घाबरतो. तो आकडा खरा का मानायचा, कधी मानायचा नाही, हे सांगणारं कुणीतरी लागतं. डॉक्टरांचं पुढचं सगळं त्या आकड्यावर उभं असतं. माझ्या मते या पदवीचा गाभा हाच आहे. आकड्यावर विश्वास ठेवायच्या आधी त्याला चार प्रश्न विचारायची सवय.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. रक्तगट ए, बी, एबी आणि ओ, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक. १९५२ साली वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या काही माणसांच्या रक्तात एक वेगळीच गोष्ट बघितली आणि ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. नेहमीच्या तपासणीत हे रक्त 'ओ' दिसतं. पण ए, बी आणि ओ या सगळ्या गटांच्या मुळाशी एच नावाचा जो घटक असतो, तोच या रक्तात नसतो. त्यामुळे या माणसाला साधं ओ गटाचं रक्त दिलं तरी त्याचं शरीर ते नाकारतं आणि जीव जाऊ शकतो. जगभर याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस असा असतो. तो ओळखायचा तर नेहमीच्या तपासणीवर न थांबता उलटी तपासणीही करावी लागते. म्हणजे त्याच्या रक्तातला द्रव ओ गटाच्या पेशींशी मिसळून बघायचा. गुठळ्या झाल्या, की समजायचं हा साधा ओ नाही. दहा हजारांतला तो एक माणूस जगतो की नाही, हे लॅबमधल्या माणसानं त्या दिवशी कंटाळा केला की नाही यावर ठरतं.

आता 'डॉक्टर झाला नाही म्हणून इकडे आला' या वाक्याकडे वळते. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. त्यावर लस तयार केली वाल्देमार हाफकिन यांनी. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या इमारतीत मिळालेल्या तुटपुंज्या जागेत काम करून, १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा त्यांनी स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था आज त्यांच्याच नावानं ओळखली जाते. हे हाफकिन डॉक्टर नव्हते. ओडेसाला शिकलेले प्राणिशास्त्रज्ञ होते.

दुसरं नाव आपल्या कमल रणदिवे यांचं. जन्म १९१७, पुण्यातला. मुलीनं डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. मुलीनं मात्र फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन १९३४ साली बीएस्सी केली. पुढे सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींवर अभ्यास करून एमएस्सी केली. कुणी म्हणालं असेल, सीताफळाचा आणि माणसाच्या आजाराचा काय संबंध? पण पेशी म्हणजे काय हे त्यांना त्या अभ्यासानंच शिकवलं असणार. मग मुंबईत डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगावर काम, १९४९ साली पीएचडी, मग अमेरिकेत जाऊन पेशी शरीराबाहेर वाढवायचं तंत्र शिकणं आणि परत येऊन आपल्याकडे त्याची प्रयोगशाळा उभारणं. १९८२ साली पद्मभूषण. वडिलांचं ऐकून त्या डॉक्टर झाल्या असत्या तर एक चांगली डॉक्टर मिळाली असती, यात शंका नाही. पण आपल्याकडे कर्करोगाच्या संशोधनाचं जे काम त्यांनी केलं ते कुणी केलं असतं?

ही नावं मी केवळ अभिमानासाठी घेत नाही. हाफकिन यांच्या आयुष्यात एक कडू प्रकरणही आहे. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल या गावी (ते आज पाकिस्तानात आहे) एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, काम थांबलं, आणि निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. दोष लशीत नव्हता. गावात बाटली उघडताना हातातून पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असा निष्कर्ष पुढे निघाला. एक चिमटा! हे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यात ही गोष्ट सांगायला हवी, असं माझ्यातल्या शिक्षिकेला वाटतं. या कामात हुशारीइतकाच नेटकेपणा लागतो. तो नीटच्या गुणांत मोजला जात नाही.

आणि संख्याशास्त्र कशाला, असं मुलं कुरकुरतात ना, त्यांच्यासाठी एक साधं गणित. समजा एक आजार १००० माणसांत १० जणांना आहे. समजा त्याची एक तपासणी आहे, जी आजारी माणूस सहसा सोडत नाही, पण १०० निरोगी माणसांतल्या ५ जणांना चुकून आजारी ठरवते. चांगलीच तपासणी म्हणायची. आता हजारही जणांची तपासणी केली. १० आजारी सापडले. उरलेल्या ९९० निरोगी माणसांतले ५ टक्के, म्हणजे सुमारे ५० जण, तेही 'पॉझिटिव्ह' आले. एकूण ६० पॉझिटिव्ह, त्यातले ५० निरोगी! हे गणित सातवीच्या मुलाला जमेल. पण करोनाच्या वेळी आपण सगळे 'पॉझिटिव्ह' हा शब्द ऐकून गर्भगळित झालो होतो, तेव्हा हे किती जणांना सुचलं असतं? लक्षणं नसताना नुसतं 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज घेणाऱ्यांनीही हे गणित एकदा करून बघावं. असं गणित येणारा एक माणूस कुटुंबात असणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

आता भाषेचं. मराठी माध्यमातली मुलं या विषयाला घाबरतात ती शास्त्रापेक्षा शब्दांना. दहावीपर्यंत 'संप्रेरक', 'विकर', 'प्रतिपिंड' शिकलेलं मूल एकदम 'हार्मोन', 'एन्झाइम', 'अँटिबॉडी'च्या पुरात सापडतं. पण मी मराठी व्याकरण शिकवलं आहे, आणि मला या शब्दांत एक ओळखीची गोष्ट दिसली. हे सगळे शब्द आपल्या सामासिक शब्दांसारखे जोडलेले आहेत. 'हायपो' म्हणजे कमी, 'ग्लाय' म्हणजे गोड किंवा साखर, शेवटचं 'एमिया' म्हणजे रक्तात. झाला हायपोग्लायसेमिया. 'ल्यूको' पांढरा, 'एरिथ्रो' तांबडा, 'साइट' पेशी. शब्दाच्या शेवटी 'आयटिस' आलं की त्या अवयवाचा दाह. असे चाळीस-पन्नास तुकडे वहीत लिहून पाठ केले, तर अडलेले कितीतरी शब्द आपले आपण सुटतात. ज्या मुलानं संधी आणि समास मनापासून सोडवले आहेत, त्याला हे इंग्रजी माध्यमातल्या मुलापेक्षा कदाचित लवकर जमेल. अर्थ मराठीत समजून घ्यायचा आणि उत्तर इंग्रजीत लिहायचं, यात कमीपणा काहीच नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की बाई सगळ्यांनाच इकडे पाठवायला निघाल्या. तसं नाही. काही गोष्टी प्रवेशाआधी स्पष्ट बोलल्या पाहिजेत आणि त्या बोलल्या जात नाहीत, ही माझी तक्रार आहे.

पहिली गोष्ट, या पदवीनं नावामागे 'डॉक्टर' लागत नाही आणि पेशंट तपासता येत नाही. स्वतःची लॅब काढून आपल्या सहीनं रिपोर्ट देता येईल, असंही कुणी सांगत असेल तर ऐकू नका. रिपोर्टवर सही करायचा अधिकार पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचाच, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे.

दुसरी, आपल्याकडे नुसत्या बीएस्सीवर फारसं काही हाती लागत नाही. पुढे एमएस्सी, आणि संशोधन करायचं तर पीएचडी. म्हणजे बारावीनंतर आठ-दहा वर्षं धरून चाला. ज्या घराला मुलानं एकविसाव्या वर्षी पगार आणणं गरजेचं आहे, त्या घरानं एमएलटीचा विचार आधी करावा. २०२१ साली संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात लॅब टेक्नॉलॉजीसारख्या कामांना नोंदणीची चौकट दिली आहे. ते काम सन्मानाचंच आहे.

तिसरी गोष्ट परदेशाची. ब्रिटनमध्ये 'बायोमेडिकल सायंटिस्ट' ही कायद्यानं राखीव ठेवलेली उपाधी आहे. एचसीपीसी या संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय ती लावता येत नाही. त्यासाठी नेहमीचा मार्ग म्हणजे आयबीएमएस या संस्थेची मान्यता असलेली पदवी, शिवाय मान्यताप्राप्त लॅबमध्ये प्रशिक्षण घेऊन पुरी केलेली नोंदवही. तिथल्या प्रत्येक विद्यापीठाच्या प्रत्येक बायोमेडिकल पदवीला ही मान्यता असतेच असं नाही, आणि प्रशिक्षणाची जागा आपोआप मिळते असंही नाही. घर गहाण ठेवून कर्ज काढण्याआधी हे दोन प्रश्न लेखी विचारा. 'मान्यता आहे का? प्रशिक्षण अभ्यासक्रमातच आहे का?' एजंटच्या माहितीपत्रकातल्या हसऱ्या मुलांच्या फोटोंवर जाऊ नका.

आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची. ही पदवी म्हणजे नीटच्या पुढच्या प्रयत्नासाठीचं प्रतीक्षालय नाही. कॉलेजला नाव घालायचं, हजेरीपुरतं जायचं आणि घरी क्लासच्या नोट्स वाचायच्या, असं करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं पहिलं वर्ष हातातून जातं, पिपेट धरायला हात बसत नाही, सूक्ष्मदर्शकात काय बघायचं ते कळत नाही. नीट झाली तर ठीक, नाही झाली तर दुसऱ्या वर्षी पाया नसलेलं मूल रक्तशास्त्राच्या वर्गात बसतं. पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर खुशाल वर्षभर घरी बसून करावा. दोन होड्यांवर पाय ठेवू नये, इतकंच.

मग ही पदवी कुणी घ्यावी? ज्याला रिपोर्टमधला आकडा बघून 'हा कसा काढला?' असं विचारावंसं वाटतं त्यानं. जो तोच प्रयोग चौथ्यांदा करायला कंटाळत नाही त्यानं. आभार मानायला पेशंट समोर येणार नाही, हे ज्याला चालतं त्यानं. कारण या कामात कुणी पेढे घेऊन येत नाही. पेढे डॉक्टरांना मिळतात. ते मिळावेतच. पण पेढ्याच्या अपेक्षेनं या वाटेला गेलेलं मूल दुःखी होईल.

आईवडिलांनाही एक सांगावंसं वाटतं. मुलाच्या पदवीचं नाव पूर्ण घ्यायला शिका. समोरच्याला कळलं नाही तर दोन वाक्यांत समजावून सांगा, आणि तुम्हाला ती दोन वाक्यं येत नसतील तर आधी मुलाकडून शिका. संध्याकाळी ते घरी आलं की "जेवलास का?" याच्या जोडीला "आज प्रॅक्टिकलला काय बघितलंस?" एवढं विचारून बघा. त्याला सांगता सांगता वेळेचं भान राहिलं नाही, तर समजा मूल योग्य ठिकाणी आहे. आणि ते गप्पच राहिलं, तर वेळ न घालवता त्याच्याजवळ बसा.